एदेनची बाग आणि गिरणीचा भोंगा

समाज बदलूं लागला कीं त्या बदलाचा अर्थ लावण्यास लेखक एखाद्या जुन्या कथेचा आधार घेतो. सत्ययुगाकडून कलियुगाकडे होणारी उतरण आपणांस पूर्वीपासून ठाऊक होती. तिच्या जोडीला एदेनची बाग आली. ती बाग मराठीला कांहीं नवी नव्हे. फादर स्टीफन्स यांचें 'क्रिस्तपुराण' गोव्यांत १६१६ सालीं छापलें गेलें, आणि त्यांत आदिमानवाच्या पतनाचें आख्यान मराठी ओवींत आहे.

आमच्या सोलापुरांत या कथेचा सांचा ठरून गेला आहे. १८७७ सालची जुनी गिरणी, तिच्यामागून आलेल्या इतर गिरण्या, पाळीचा भोंगा आणि ठरलेला पगार ही झाली बाग. गिरण्या बंद पडल्या हा अधःपात. पण गांधीजींच्या १९०९ च्या 'हिंद स्वराज्या'त यंत्र हेंच पाप ठरलें आहे. एका पिढीचा सर्प दुसऱ्या पिढीची बाग होतो, तेव्हां दोष कथेचा नसून ती वाचणाराचा आहे, असें म्हणणें प्राप्त आहे.

मूळ कथा नीट वाचली तर ती निराळेंच सांगते. बागेंत मनुष्य रिकामा बसलेला नव्हता. बागेची मशागत व राखण करण्यासाठींच त्यास तेथें ठेविलें होतें. म्हणजे काम हा शाप नव्हे. कांटेकुसळें आणि निढळाचा घाम हा शाप. या दृष्टीनें गिरणीकामगाराची हळहळ खोटी नाहीं. त्याचें सुख गेलें म्हणण्यापेक्षां त्याचें काम गेलें म्हणणें अधिक खरें.

दुसरी गोष्ट दोषारोपाची. जाब विचारतांच पुरुषानें स्त्रीकडे बोट दाखविलें, स्त्रीनें सर्पाकडे. एकत्र कुटुंब मोडलें कीं आम्हीही शिकलेल्या सुनेकडे बोट दाखवितों. १८४८ सालीं फुले दांपत्यानें पुण्यांत मुलींची शाळा काढली, तेव्हां ज्यांच्या हातीं प्रथमच पाटी आली त्यांस जुनें घर बाग कसें वाटावें? गतकाळाचे गोडवे मीही वर्गांत गाइले आहेत. एकदां एका विड्या वळणाऱ्या बाईच्या मुलीनें मला विचारलें, "सर, त्या काळांत मी या बाकावर बसलें असतें का?" त्यानंतर तें व्याख्यान मीं पुन्हां दिलें नाहीं.

तिसरी गोष्ट कापडाच्या या गांवानें तरी विसरूं नये. ज्ञान होतांच त्या दोघांनीं अंजिराचीं पानें शिवून नेसलीं, आणि बाहेर घालविण्यापूर्वीं ईश्वरानें स्वतः त्यांस चामड्याचीं वस्त्रें करून घातलीं. शिक्षा टळली नाहीं, पण उघड्यानें कोणास घालविलें नाहीं. परतीच्या वाटेवर ज्वालामय तलवार आहे, हें कथाच सांगते. मग मागें वळून रडण्यांत काय हंशील? ज्यांस आपण दाराबाहेर काढलें त्यांच्या अंगावर आपण काय घातलें, एवढेंच विचारावयाचें उरतें.