रविवारचा रेडिओ, टोकावड्यापर्यंत

रविवारी रेडिओवर काय ऐकायचात, असं ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड-शहापुरात विचारलं तर उत्तर समोरच्याच्या वयावर ठरतं. साठी ओलांडलेला माणूस ‘आपली आवड’ आणि श्रुतिकांची आठवण काढतो. पन्नाशीतला ‘रामायणा’वर जातो, म्हणजे थेट टीव्हीवर. विशीतल्या पोराला रेडिओ म्हणजे काळी-पिवळी जीपमध्ये वाजतो तो एफएम, आणि तोही माळशेजच्या दिशेनं निघालं की कुठेतरी खरखरायला लागतो. एफएमच्या लहरींना डोंगर आडवा आला की खेळ खल्लास. मध्यम लहरी जमिनीला धरून लांब जातात. मुंबई आकाशवाणीची ‘अस्मिता’ वाहिनी टोकावडे, डोळखांबच्या घरांत पोचली ती त्यांच्या जोरावर. सेल उन्हात तापवून पुन्हा घालायचे, रेडिओची तोंडं फिरवत बसायचं, एवढं केलं की मुंबई बोलू लागे.

त्या मुंबईला सांगायला पुष्कळ होतं. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते 23 जुलै 1927 रोजी मुंबईत नभोवाणी सुरू झाली. पुढच्या काळात मराठी रेडिओनं जे कमावलं, ते गाण्यांच्या तबकड्या लावून नव्हे, लेखकांना कामाला लावून. पु. ल. देशपांडे, मंगेश पाडगावकर, यशवंत देव ही माणसं आकाशवाणीच्या नोकरीत होती. ‘गीतरामायण’ आज मैफलीचा ऐवज वाटतो, पण ते पुणे केंद्रानं आठवड्याला एक गीत या हिशेबानं माडगूळकरांकडून लिहवून घेतलेलं काम आहे. 1 एप्रिल 1955 च्या रामनवमीला पहिलं गीत लागलं आणि अशी छप्पन्न झाली. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी काहीतरी नवं येणार, या वायद्यावर लोक संचापुढे बसत. वायदा मोडला की ऐकणाराही उठतो.

आजचा रविवार कागदावर भरगच्च दिसतो. सकाळी भक्तिगीतं, मग बातम्या, मुलांचं काही, नाट्यसंगीत, फर्माइशी, मुलाखत. महिन्याच्या शेवटच्या रविवारी अकराला ‘मन की बात’, ऑक्टोबर 2014 पासून. नावं वेगळी, कान मात्र एकच गोष्ट ऐकतो: निवेदक दोन वाक्यं बोलतो आणि ध्वनिमुद्रण सुरू होतं. खासगी एफएमनं तर दोन वाक्यांची वीस केली आणि त्यात सांगण्यासारखं एकही ठेवलं नाही. त्यातल्या त्यात संगीताची बाजू अजून शाबूत आहे, कारण जुना साठा श्रीमंत आहे. विविध भारती 1957 पासून त्याच श्रीमंतीवर दिमाखात चालली आहे. पण साठा म्हणजे कला नव्हे. रेडिओची स्वतःची कला म्हणजे श्रुतिका, नभोनाट्य, रूपक: नुसत्या आवाजानं माणूस आणि जागा उभी करणं.

ती काय चीज होती हे ‘पुन्हा प्रपंच’वरून कळतं. नीलम प्रभू, प्रभाकर जोशी, बाळ कुडतरकर असे तिघंच. मीनावहिनी, प्रभाकरपंत आणि टेकाडे भावजी. तिघांच्या आवाजांची पट्टी आणि बोलण्याची गती इतकी निराळी की कोण बोललं ते सांगायची गरज पडत नसे. भावजी दारात आले हे नुसत्या हाकेच्या हेलावरून समजे. वहिनींनी वाक्य अर्धवट सोडलं की पुढचा राग ऐकणाऱ्यानं आपल्या पदरचा घालायचा. शहाणपणाच्या चार गोष्टी त्यातही असत, पण त्या वादावादीतून, चेष्टेतून येत, व्याख्यानासारख्या अंगावर येत नसत. एवढं असूनही ते घर मुंबईतलं, पगारदाराचं. गिरणगावाला ‘कामगारसभा’ मिळाली, बायकांना ‘वनिता मंडळ’ मिळालं. मुरबाडच्या शेतकऱ्याला गोष्ट मिळाली नाही. त्याला माहिती मिळाली.

आणि ती कशी? रोपवाटिका, बीजप्रक्रिया, हेक्टरी मात्रा. ‘कर्जत 3’ हे भाताचं वाण इथल्या खाचरांत घरचं आहे, पण ते लावणारा गुंठ्यात मोजतो, आणि जिला रेडिओ रोपवाटिका म्हणतो तिच्यासाठी तो आधी राब भाजतो. पालापाचोळा, शेण, कवळं (झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या) पसरून उन्हाळ्यात जमीन भाजायची, पाऊस आला की त्यात बी फेकायचं. त्या धुराचा वास, त्यावरून भावाभावांत होणारी कुरबुर, कवळं तोडण्यावरून वनखात्याच्या माणसाशी झालेली बोलाचाली यात एक अख्खी श्रुतिका आहे. ती कोणी लिहवून घेतली नाही.

इथं विलायतेकडे बघावंसं वाटतं, आणि आता ते अवघड नाही. मोबाइलवर बीबीसी मुरबाडच्या एसटी स्टँडवरही लागते. त्यांच्या रविवारी सकाळी, म्हणजे आपल्या दुपारी, ‘द आर्चर्स’चे आठवड्याचे भाग सलग लागतात. 1951 पासून राष्ट्रीय प्रसारणावर असलेली ही एका काल्पनिक खेड्याची मालिका. युद्धानंतर धान्य वाढवायचं होतं, शेतीखात्याला शेतकऱ्यापर्यंत पोचायचं होतं, म्हणून ती सुरू झाली. सरकारी निरोपच, पण गुरांच्या रोगाचा विषय असला तर गुरं कुणाची, त्याची बायको काय म्हणाली, इथून सुरुवात. बागकामाचा त्यांचा प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम 1947 पासून गावोगावच्या सभागृहांत जातो आणि लोकांचे प्रश्न लोकांच्याच तोंडून घेतो. रविवारी त्याचीही हजेरी असते. त्यांचं सगळंच थोर आहे असं नाही, कित्येक तास निव्वळ शिळोप्याचे असतात. पण खेडं तिथं बोलतं.

हे आपल्याला सुचलं नव्हतं असंही नाही, आणि म्हणून जास्त चीड येते. 1956 मध्ये युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रानं मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांत दीडशे गावांमध्ये शेतकरी श्रवणमंडळं उभी केली होती. गावकरी एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, मग त्यावर बोलत, आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडे परत जात. पाहणी झाली, निष्कर्ष उत्साहाचे निघाले, देशभर विस्तार झाला आणि हळूहळू मंडळं विझली. संच राहिले, परतीची वाट गेली.

ती वाट नसल्याचा परिणाम बातम्यांत तर ढळढळीत दिसतो. तानसा, मोडकसागर, भातसा ही तिन्ही धरणं शहापूर तालुक्यातली. पावसाळ्यात तानसा भरून वाहू लागला की मुंबईच्या रेडिओवर ती आनंदवार्ता असते, नळाला पाणी येणाऱ्यांसाठी. एप्रिल-मे महिन्यांत त्याच तालुक्यात कसाऱ्याकडच्या पाड्यावरच्या बायका टँकरची वाट बघतात, ती बातमी कोणाच्याच कार्यक्रमात बसत नाही.

जाता जाता एक गोष्ट. 1942 च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांचे साथीदार मुंबईत भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवू लागले, नोव्हेंबरपर्यंत तो चालला. त्याच दिवसांत इकडे भाई कोतवालांचा आझाद दस्ता मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडत होता. 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. हे दोन धागे एकत्र विणलेलं रूपक दर जानेवारीत नव्यानं व्हावं असा हा विषय. सिद्धगडावर मात्र सभा होते, भाषणं होतात, फोटो निघतात.

मग करायचं काय? आकाशवाणीला दोष देऊन हात झटकण्यात अर्थ नाही. 2006 पासून स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओचा परवाना मिळतो. साताऱ्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ वाहिनी बायाबापड्यांच्या आवाजात चालते, तीही दुष्काळी मुलखात. शंभर वॉटचं प्रक्षेपण आसपासच्या गावांना पुरतं. सह्याद्रीच्या घड्यांत ते आणखी आखडेल, म्हणून मुरबाडला एक आणि शहापूरला एक असं वेगळं काढावं लागेल. खरा खर्च यंत्राचा नाही, लिहिणाऱ्याचा आहे. नाहीतर तिथंही गाणी लावून तास भरतील, आणि निवेदक खासगी एफएमची नक्कल करत बसेल.

सामग्रीची वाण नाही. आगरी आणि वारली लग्नांत गाणाऱ्या धवलारणींना अख्ख्या लग्नाचं गाणं तोंडपाठ असतं. ठाकरांच्या गाण्यातली टिंगल मुंबईच्या कुठल्याही विनोदी कार्यक्रमाला भारी पडेल. पौष पौर्णिमेला म्हसाची जत्रा भरते, तिथल्या बैलबाजारात नुसता मोबाइल चालू ठेवून उभं राहावं: रुमालाखाली बोटं धरून चाललेला सौदा, तिऱ्हाइताचं मध्ये तोंड घालणं, बैलाच्या दातांवरून लागलेली पैज. फक्त ते कापून-छाटून, निवेदनाचं लोढणं न बांधता, अर्ध्या तासाचं करणारा माणूस हवा, आणि त्याला त्या कामाचे पैसे मिळायला हवेत.