गंगाराम तांबट यांची रेखाटने : 'कंपनी शैली' या संज्ञेचा फेरविचार

अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात काम करणाऱ्या गंगाराम चिंतामण तांबट यांचा उल्लेख आपल्याकडे बहुधा 'कंपनी शैली'च्या एका ओळीत, जेम्स वेल्सचा शिष्य म्हणून आटोपतो. ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे.

इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट 1786 मध्ये पुणे दरबारी आला. त्याच्यासाठी गंगाराम यांनी वेरूळची लेणी, कसरतपटू आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातील जनावरे रेखाटली. वेल्स हा स्कॉटिश चित्रकार मुंबईत उतरला तो 1791 मध्ये. शनिवारवाड्यातील चित्रशाळेशी त्याचे नाव जोडले जाते ते त्यानंतरच, आणि 1795 मध्ये तर तो निवर्तला. गंगाराम यांच्या गेंड्याच्या चित्रावर मात्र नोव्हेंबर 1790 ही नोंद आहे. म्हणजे त्यांची नजर वेल्सने घडवली नाही; ती आधीच घडलेली होती.

योगायोग असा की, त्याच सुमारास लंडनमध्ये जॉर्ज स्टब्ज हाही गेंडा रंगवीत होता. स्टब्जच्या पाठीशी घोड्याच्या शरीररचनेचा दीर्घ अभ्यास होता. गंगाराम यांच्या पाठीशी काय होते? 'तांबट' हे नाव तांब्याची भांडी घडविणाऱ्यांचे. ठोकून घडविलेल्या पत्र्याचा फुगवटा आणि जोड ओळखणाऱ्या घराण्यातील हाताला गेंड्याच्या कातडीच्या घड्या परक्या वाटल्या नसाव्यात. हा अर्थात तर्क आहे, पुरावा नव्हे.

मर्यादाही नोंदविली पाहिजे. इंग्लंडमध्ये याच काळात जॉर्ज मॉर्लंड गोठे, डुकरे आणि शेतमजूर यांना चित्रविषय करीत होता. पुण्यातील आश्रयदात्याचे कुतूहल मात्र लेण्यांकडे आणि दुर्मीळ प्राण्यांकडे होते. पनवेल बंदरातून बोरघाट चढून मालाची ने-आण करणारा बैल त्या कुतूहलाच्या केंद्रस्थानी आला नाही. इमारतींनी वेढलेल्या ओव्यासारख्या गावात राहून हे लिहिताना ती उणीव अधिक जाणवते. परंतु ती चित्रकाराची म्हणावी की मागणी करणाऱ्याची? प्रस्तुत लेखकाच्या मते मागणी करणाऱ्याचीच.

गंगाराम यांची अनेक चित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. तेथे 2011 मध्ये भरलेले प्रदर्शन आणि हॉली शॅफर यांचा 2022 मधील ग्रंथ यांमुळे या विषयाला नवे परिमाण लाभले. आपल्या वर्गांत मात्र त्यांच्या नावामागे अजूनही वेल्सचेच नाव येते.