पेहराव आणि पवित्रा

फॅशनच्या छायाचित्राचे आयुष्य एका हंगामाचे, असा सर्वसाधारण समज आहे. कपडा जुना झाला की त्याचे चित्रही अडगळीत जायचे. १९४५ ते १९६५ या काळातली उत्तम छायाचित्रे मात्र हा समज खोटा ठरवतात. त्यांतले झगे कधीच संग्रहालयांत गेले. छायाचित्रे अजून ताजी आहेत. कारण त्या छायाचित्रकारांनी कपड्याबरोबर तो अंगावर वागवण्याची रीतही टिपली.

१२ फेब्रुवारी १९४७ रोजी ख्रिस्तियाँ दिओरने पॅरिसमध्ये आपले पहिले कलेक्शन मांडले. युद्धकाळातले काटकसरीचे पोशाख मागे पडले. बारीक कंबर आणि भरपूर कापड लागणारे घेरदार स्कर्ट आले. ब्रिटनमध्ये अजून कपड्यांचे रेशनिंग चालू असल्याने या उधळपट्टीवर टीकाही झाली. छायाचित्रकार रिचर्ड अ‍ॅव्हेडॉनने हा घेर गतीतून दाखवला. त्याच्या आधी मार्टिन मुन्काचीने १९३३ मध्येच ‘हार्पर्स बझार’ या मासिकासाठी समुद्रकिनाऱ्यावर धावणारी तरुणी टिपली होती. अ‍ॅव्हेडॉनने ती मोकळीक पॅरिसच्या रस्त्यांवर आणली. १९५५ मध्ये सर्कशीतल्या हत्तींमध्ये डोविमा या मॉडेलला उभे करून घेतलेले छायाचित्र हे त्याचे शिखर. हत्तींची सुरकुतलेली कातडी आणि दिओरच्या काळ्या झग्यावरचा झुळझुळीत पांढरा पट्टा एकमेकांना उठाव देतात. हत्तींच्या पायांतल्या साखळ्याही त्याने लपवलेल्या नाहीत.

‘व्होग’साठी काम करणाऱ्या अर्विंग पेनची वाट वेगळी होती. १९५० मध्ये पॅरिसमधल्या एका इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, खिडकीतून येणाऱ्या उजेडात, नाटकाच्या जुन्या पडद्यासमोर त्याने मॉडेल उभ्या केल्या. मागे राजवाडा नाही, रस्ता नाही. त्यांतल्या लिसा फॉन्साग्रीव्ह्जने नृत्याचे शिक्षण घेतले होते. तिच्या मानेच्या आणि मनगटाच्या वळणावरच चित्राचा तोल सांभाळलेला दिसतो. अ‍ॅव्हेडॉन मोहवतो, पण पेनचे काम मला अधिक टिकाऊ वाटते, कारण त्याला कापडाच्या शिवणीइतकाच माणसाच्या उभे राहण्याचा अर्थ कळला होता.

या इतिहासात दोन स्त्रियांना अजून पुरेशी जागा मिळालेली नाही. लुईझ डाल-वुल्फने १९३६ ते १९५८ या काळात ‘हार्पर्स बझार’मध्ये रंगीत छायाचित्रणाला संयम शिकवला. लिलियन बासमनने डार्करूममध्ये ब्लीच वापरून तपशील पुसले आणि चित्रात फक्त कपड्याची लय उरवली. पुढे वैतागून तिने आपल्या बऱ्याच निगेटिव्ह टाकून दिल्या. हे नुकसान या कलेचेच आहे.

१९६० च्या सुमारास पवित्रा बदलला. विल्यम क्लाइनने रोमच्या पियाझ्झा दि स्पान्यामध्ये काळे-पांढरे पोशाख घातलेल्या मॉडेल झेब्रा क्रॉसिंगवर चालायला लावल्या आणि दुरून टेलिफोटो लेन्सने त्या टिपल्या. १९६२ मध्ये डेव्हिड बेलीने मॉडेल जीन श्रिम्प्टनला न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर आणले. तिथे सरदारघराण्याची ऐट नव्हती. तरुण मुलीचा बेफिकीरपणा होता. स्कर्ट आखूड होण्याआधीच उभे राहण्याची तऱ्हा बदलली होती आणि कॅमेऱ्याने ती ओळखली होती.

मात्र या सौंदर्याची चौकट अरुंद होती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ब्रिटिश ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर कृष्णवर्णीय मॉडेल, डोनियेल लूना, यायला मार्च १९६६ उजाडावे लागले. नॉर्मन पार्किन्सनने १९५६ मध्ये जयपूरला गुलाबी कोटातली मॉडेल अ‍ॅन गनिंग सजवलेल्या हत्तीशेजारी उभी केली. चित्र देखणे आहे, पण त्यात भारत निव्वळ रंगीत पडदा बनला आहे. ते झगे शिवणारे हात तर या छायाचित्रांत जवळजवळ कुठेच दिसत नाहीत.

आजच्या जाहिरातींत त्या काळातल्या पोझ सर्रास उचलल्या जातात. आपल्याकडच्या तरुण छायाचित्रकारांनी हा मोह टाळावा. पेनकडून घ्यायचे असेल तर त्याचे निरीक्षण घ्यावे आणि त्याच्या पिढीने चौकटीबाहेर ठेवलेल्या माणसांकडे कॅमेरा वळवावा.