‘तारे जमीं पर’ : डिस्लेक्सियाचे चित्रण आणि देवनागरीचा प्रश्न

डिस्लेक्सिया हा शब्द भारतातील सामान्य पालकांपर्यंत पोहोचविण्यात २००७ साली प्रदर्शित झालेल्या ‘तारे जमीं पर’ या हिंदी चित्रपटाचा वाटा फार मोठा आहे. हिंदी कवितेचा अर्थ ईशान तोंडी अचूक सांगतो, पण शिक्षकांना पाठ केलेलेच उत्तर हवे असते. आकलन आणि अक्षरवाचन या भिन्न शक्ती होत, हे त्या प्रसंगातून जितके स्पष्ट होते तितके व्याख्यानाने क्वचितच झाले असते.

तथापि या विकाराचे जे स्वरूप चित्रपट मनावर ठसवितो, ते एकांगी आहे. नाचणारी आणि उलटी दिसणारी अक्षरे हेच त्याचे मुख्य लक्षण ठरते. ऑर्टन यांनी १९२५ साली अक्षरांच्या उलटापालटीस असेच महत्त्व दिले होते. पुढील संशोधनाने मात्र लक्ष दृष्टीवरून ध्वनीकडे वळविले. शब्दातील ध्वनी सुटे करून त्यांची लिपिचिन्हांशी सांगड घालणे, ही बहुतेक मुलांची मूळ अडचण होय. उलटी अक्षरे तर नव्याने लिहू लागलेली इतर मुलेही काढतात.

शिवाय ‘बी’ आणि ‘डी’ यांचा गोंधळ रोमन लिपीचा आहे. मराठी मुलापुढील अडचणी निराळ्या आहेत. ‘किती’ या शब्दात पहिली वेलांटी ‘क’च्या आधी लिहावयाची, उच्चारावयाची मात्र नंतर. ‘सूर्य’, ‘चक्र’ आणि ‘राष्ट्र’ यांत एकच ‘र’ तीन रूपे घेतो. बाराखडी तालावर म्हणता आली, तरी ‘का’, ‘कि’, ‘कु’ यांतील समान व्यंजन मुलाला वेगळे ऐकू येतेच असे नाही. वाचनापेक्षा लेखन अधिक अवघड. कारण ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मराठी उच्चारात बहुधा कानी पडत नाही. अशा वेळी शंभरदा शब्द गिरवून घेण्यापेक्षा ‘मूल–मुलाला’, ‘फूल–फुलाला’ अशा जोड्यांतून नियम दाखविणे हितकर. ज्याची स्मृती अक्षररूपे टिकवीत नाही, त्याला नियमाचा आधार द्यावयास हवा.

वाळूत अक्षरे गिरविण्याची चित्रपटातील रीत अशास्त्रीय नाही. गिलिंगहॅम आणि स्टिलमन यांनी १९३०च्या दशकात रूढ केलेल्या बहुइंद्रिय पद्धतीशी तिचे नाते आहे. परंतु त्या पद्धतीचे मर्म साधनांत नसून ध्वनी व चिन्ह यांच्या क्रमबद्ध, पुनःपुन्हा होणाऱ्या सरावात आहे. हे कष्टाचे दीर्घ काम पडद्यावर काही मिनिटांत उरकते आणि कथेचा कळस चित्रकलास्पर्धेतील विजयात होतो. येथेच चित्रपटाचा खरा दोष आहे. मूल असामान्य चित्रकार ठरले म्हणून ते सहानुभूतीस पात्र, असा अर्थ त्यातून निघू शकतो. ज्याला रंगांतही गती नाही, त्या मुलाचे काय? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन-अक्षमतेस मान्यता दिली, ती प्रतिभेची अट घालून नव्हे. चित्रपटाने पालकांची दृष्टी बदलली, हे निर्विवाद. मराठी मुलाच्या हाती वाचन देणारी, देवनागरीच्या घडणीवर आधारलेली अध्यापनरीती सिद्ध करणे हे भाषाभ्यासकांचे कार्य होय.