इब्न बतूताची हरवलेली टिपणे

प्रवासात जमवलेल्या आठवणींच्या वस्तू लेखकाला किती उपयोगी पडतात? इब्न बतूताचा ‘रिहला’ हा सफरनामा पुन्हा वाचताना आम्हांला हा प्रश्न पडला. दौलताबाद, नंदुरबार पाहून गेलेला हा मुसाफिर आपल्याला परका नाही.

बुखाऱ्यात त्याने आलिमांच्या कबरींवरचा मजकूर उतरवून घेतला होता. त्यात त्यांच्या ग्रंथांची नावे होती. सिलोनच्या राजाने त्याला रत्ने दिली, बुजुर्गांनी वस्त्रे दिली. हे सारे हिंदुस्थानच्या समुद्रात चाच्यांनी लुटले. अंगावर फक्त इजार उरली. कालिकतला तो मशिदीत थांबला, तेव्हा एका फकीहाने कपडा पाठवला, काझीने पगडी आणि एका व्यापाऱ्याने आणखी एक कपडा.

रत्ने गेल्याने ग्रंथाचे काही बिघडले नाही. पगडी पाठवणारा काझी तर वाचकाच्या कायमचा लक्षात राहतो. टिपणे गेली, ते नुकसान मात्र भरून आले नाही. १३५५ साली फेज शहरात इब्न जुझय्यने त्याच्या तोंडून ऐकून ग्रंथ पूर्ण केला. मक्का, मदिना, दमास्कस यांच्या वर्णनांत त्याने इब्न जुबैरच्या जुन्या सफरनाम्यातला बराच मजकूर घातला. तिथे आम्हांला इब्न बतूताचा आवाज ऐकू येत नाही.

आपल्या घरांतही हाजींनी आणलेल्या तसबीह, जानमाज पेटीत जपलेल्या असतात. कुणी दिली, कुठे घेतली, हे सांगणारे माणूस गेले की उरते ती नुसती वस्तू. ते हयात आहेत तोवर विचारून लिहून ठेवावे, एवढेच आमचे म्हणणे.