टक्केवारीतील हिरवळ आणि अंगणातील मूल : नव्या गृहसंकुलांच्या नियोजनाची चिकित्सा

प्रस्तावना

नव्या गृहसंकुलाच्या माहितीपत्रकात हिरवळ असते, घसरगुंडी असते आणि तिच्यावर बसलेले हसरे मूलही असते. मंजूर आराखड्यात मात्र ते मूल कोठेच आढळत नाही. तेथे असते केवळ क्षेत्रफळ. मोकळ्या जागेचे प्रमाण मोजणारी आपली नियोजनदृष्टी त्या जागेपर्यंत मूल कसे पोहोचणार, हा प्रश्न सहसा विचारीत नाही. या उणिवेची चिकित्सा मुंबई व नवी मुंबई येथील दोन उदाहरणांच्या आधारे करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नियमाची भाषा

मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने भूखंडाच्या आकारानुसार १५, २० किंवा २५ टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवणे बंधनकारक केले होते. त्या जागेची कोणतीही बाजू ७.५ मीटरपेक्षा कमी असू नये, अशीही अट होती. या तरतुदींचे मोल कमी लेखता येणार नाही. त्या नसत्या, तर भूखंडाचा तो हिस्साही बांधकामाखाली गेला असता.

पुढे वाहनतळावरील छत, म्हणजे पोडियम, हीच मोकळी जागा मानण्याची प्रथा रूढ होऊ लागली. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१३ च्या निकालात ही किमान जागा जमिनीवरच असली पाहिजे, असे स्पष्ट केले. मात्र २०१८ मध्ये मंजूर झालेल्या नव्या नियमावलीने आवश्यक जागेपैकी ४० टक्क्यांपर्यंतचा भाग पोडियमवर नेण्यास मुभा दिली. पोडियमवर गवत उगवते हे खरे. परंतु तेथे वडापिंपळाची मुळे खोल जात नाहीत, पावसाचे पाणी जमिनीत मुरत नाही आणि मुलाला खड्डाही खणता येत नाही. कागदावर दोन्ही जागांचे चौरस मीटर सारखेच भरतात. टक्केवारीच्या भाषेची मर्यादा येथे उघड होते.

बेलापूरचा धडा

चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात नवी मुंबईत बेलापूर येथे सिडकोसाठी उभारलेली वसाहत या संदर्भात पुन्हा अभ्यासण्याजोगी आहे. सुमारे सहा हेक्टरांवरील या वसाहतीत सात घरे मिळून सुमारे ८ मीटर लांबरुंद अंगण येते. असे तीन समूह एकत्र आले की एकवीस घरांसाठी सुमारे १२ मीटरांचे अंगण लाभते आणि त्यापुढे याहून मोठे चौक येतात. म्हणजे मोकळी जागा एका कोपऱ्यात गोळा न करता ती मुलाच्या वयाबरोबर वाढत जाईल, अशी तिची मांडणी केली आहे. रांगणारे मूल घरालगतच्या अंगणात, लंगडी-लगोरीच्या वयाचे मूल पुढच्या चौकात आणि क्रिकेट खेळणारे त्याही पलीकडे, असा हा क्रम आहे.

८ मीटर हा आकडा नियमातील ७.५ मीटरांच्या किमान मर्यादेपेक्षा जेमतेम अधिक आहे. तरीही ती जागा पुरेशी ठरू शकते. कारण सात घरांची दारे तिच्याकडे उघडतात आणि सात घरांतील वडीलधाऱ्यांची नजर तिच्यावर असते. वाड्याच्या चौकाने आणि चाळीच्या सज्जाने हेच काम पूर्वी केले होते. ॲमस्टरडॅममध्ये आल्डो व्हान आइक यांनी १९४७ पासून सुमारे तीन दशकांत सातशेहून अधिक लहान क्रीडास्थाने रचली. तेथेही भर होता तो एका भव्य उद्यानावर नव्हे, तर घराजवळच्या रिकाम्या तुकड्यांवर.

आक्षेप व त्याचा विचार

बेलापूर ही बैठ्या घरांची वसाहत आहे. तीस मजली इमारतींना ती कशी लागू पडणार, हा आक्षेप रास्त आहे. शिवाय तेथीलही अनेक मूळ घरे आज पाडून मोठी बांधली गेली आहेत. म्हणून त्या रचनेची नक्कल उपयोगी नाही. तिचे तत्त्व उपयोगी आहे. प्रत्येक इमारतीच्या प्रवेशदाराशी, वाहनमार्ग न ओलांडता पोहोचता येईल असे मातीचे छोटे अंगण ठेवणे उंच इमारतीतही अशक्य नाही. प्रत्यक्षात मात्र अनेक आराखड्यांत इमारती, रस्ते आणि वाहनतळ आधी ठरतात. रोहित्र व पाण्याची टाकी यांच्या शेजारी जे उरते, त्यास क्रीडांगण हे नाव मिळते.

समारोप

बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमाने खेळ हा मुलाचा हक्क मानला आहे आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे. हक्क हा उरलेल्या जागेत बसविता येत नाही. म्हणून आराखडा मंजूर करताना टक्केवारीच्या जोडीने तीन प्रश्न विचारले जावेत : पाच वर्षांचे मूल तेथे एकटे, निर्धोकपणे पोहोचू शकते काय? घरातून हाक मारली तर त्याला ती ऐकू येते काय? आणि त्याच्या पायाखाली माती आहे काय? यांपैकी एकाही प्रश्नाला खर्चाची सबब पुढे करता येण्याजोगी नाही. कारण तिघांचेही उत्तर पहिली रेघ ओढतानाच ठरत असते. क्षेत्रफळाचा हिशेब पूर्ण जुळूनही ही उत्तरे नकारार्थी आली, तर तो आराखडा नियमाला धरून असेल. मुलाला धरून नसेल.