‘ट्रान्स-हिमालय’ : एका नावाची चिकित्सा

स्वेन हेडिन यांच्या ‘ट्रान्स-हिमालय’ (१९०९) या ग्रंथाकडे बहुधा प्रवासवर्णन म्हणूनच पाहिले जाते. त्यातील भौगोलिक दाव्याची चिकित्सा मात्र आवश्यक आहे. १९०६ ते १९०८ या काळात हेडिन यांनी तिबेटातील त्सांगपो नदीच्या उत्तरेची ही दुर्गम पर्वतरांग निरनिराळ्या खिंडींतून आठ वेळा ओलांडली. दक्षिण उताराचे पाणी त्सांगपोला आणि उत्तरेचे चांगथांगच्या बंदिस्त सरोवरांना मिळते, ही बाब त्यांनी प्रत्यक्ष फिरून मांडली. हे श्रेय निर्विवाद होय. ‘शोध’ हा शब्द मात्र टिकत नाही. पंडित नैनसिंग रावत १८७४-७५ मध्ये पावले मोजीत याच रांगेच्या उत्तरेकडून लेहहून ल्हासाला गेले होते.

नावाची अडचण याहून खोल आहे. ‘हिमालयापलीकडील’ म्हणताच ही रांग हिमालयाची पुरवणी वाटू लागते. खडकांची साक्ष उलट आहे. भारतीय भूखंड आशियाला भिडण्यापूर्वी, टेथिस सागराचा तळ ल्हासा भूखंडाखाली सरकत असताना वर आलेल्या शिलारसातून येथील ग्रॅनाइटचा मोठा भाग घडला. हिमालय हा सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेल्या टकरीतून नंतर उभा राहिला. भूपट्टांची कल्पनाच नसलेल्या काळातील हेडिन यांना याबद्दल दोष देता येत नाही. आजही या रांगेला हिमालयाचा एक विभाग म्हणून शिकविणाऱ्यांना तो द्यावा लागतो. ६,६३८ मीटर उंचीचा कैलासही सर्रास हिमालयात घातला जातो. वस्तुतः तो दोन भूखंडांच्या संधिरेषेच्या उत्तरेस, ग्रॅनाइटच्या झिजेतून साचलेल्या पिंडाश्मांचा आहे.